काचेपलीकडचं बोलणं

गल्लीतली पोरं त्या दोघांना 'मुके काका-काकू' म्हणायची. आता पोरांना काय सांगणार! त्या अख्ख्या गल्लीत सगळ्यात जास्त बडबड करणारं जोडपं कुठलं असेल तर ते हेच. संध्याकाळ झाली की दोघं गॅलरीत समोरासमोर खुर्च्या टाकून बसायचे आणि चालू व्हायचे. ओठ हलायचे, भुवया नाचायच्या, बोटं उडायची, काका मांडीवर थाप मारायचे, काकू नाक मुरडायच्या. आवाज तेवढा नसायचा. समोरच्या घरातल्या बाईंनी त्याला 'मुका सिनेमा' असं नाव ठेवलं होतं आणि तो बघायला त्या भाजी निवडायचं निमित्त करून रोज दारात येऊन बसत.

ही बोली दोघं कापडाच्या गिरणीत शिकली होती. माग चालू झाले की तिथं कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून गिरणीतली माणसं आवाज घरी ठेवून येत. बोलायचं ते नुसत्या ओठांनी, एकेक अक्षर तोंडात नीट घडवून, आणि समोरच्यानं ते डोळ्यांनी ऐकायचं. काका मागावर होते. काकू सुताच्या कांड्या भरायच्या आणि टोपलीत घालून मागांपर्यंत आणून द्यायच्या. एके दिवशी काकांनी मागांच्या रांगा ओलांडून, पार पलीकडच्या भिंतीशी उभ्या असलेल्या काकूंना लग्नाचं विचारलं. मधल्या रांगांतल्या सगळ्यांनी ते वाचलं. काकूंच्या आधी त्यांच्या जॉबरनंच, म्हणजे खात्याच्या मुकादमानंच, होकार देऊन टाकला, असं काका सांगायचे. काकू म्हणायच्या, होकार मी दिला, जॉबरनं फक्त शिट्टी मारली, आणि तीही कुणाला ऐकू आली नाही.

त्या बोलीत अहो-जाहो नव्हतं. 'तुम्ही' म्हणायला ओठांना वेळ लागतो, 'तू' चटकन होतं, आणि मागाला कुणासाठी थांबायची सवय नसते. त्यामुळे चारचौघांत 'अहो, ऐकलंत का' म्हणणाऱ्या काकू ओठांनी मात्र नवऱ्याला सरळ 'तू' म्हणायच्या. शिव्याही त्या बोलीत फार सुरेख होत्या. शिवी देताना ओठ असे काही वळायचे की ती लांबूनसुद्धा नीट लागायची. काका त्यात गिरणीत पहिल्या नंबरचे होते.

गिरणीनं दोघांना पगार दिला, तसं बहिरेपणही दिलं. काकूंना निम्मं, काकांना जवळजवळ सगळं. गिरणी बंद पडली तरी दोघांचं काही अडलं नाही. जगाशी जेवढ्यास तेवढं, आणि एकमेकांशी पोटभर. काका आवाज काढून बोलायचे ते नाइलाजानं. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे तो कधी कुजबुजीसारखा निघे, तर कधी तीन घरांपलीकडचा माणूस दचकेल एवढा. एकदा दुकानात लोक हसले, तेव्हापासून त्यांनी आवाज जवळजवळ बंदच केला. हाक मारायला तो पुरायचा, बोलायला पुरत नसे.

आणि मग काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला.

आधी बारीकसारीक चुका झाल्या. काका एक विचारायचे, काकू दुसरंच उत्तर द्यायच्या. काकांना वाटायचं, हिचं लक्ष नाही. मग काकू खुर्ची पुढे ओढायला लागल्या. आधी हातभर, मग इतकी की गुडघ्याला गुडघा लागे. तरी ओठांच्या जागी नुसता तांबूस डाग दिसायचा आणि तो हलायचा एवढंच कळायचं. घरात चालायला, चहा करायला, भिंत कुठं आहे हे समजायला दृष्टी पुरत होती. दुसऱ्या कुणी एवढ्यावर आणखी दोन वर्षं काढली असती. पण काकूंचे डोळे हेच त्यांचे कान होते, आणि ज्याचं ऐकायचं तो एकच माणूस होता. त्या सुनेला म्हणाल्या, "मला हे ऑपरेशन लवकर करून दे गं. यांचं बोलणं दिसेनासं झालंय."

सून चटपटीत. नवरा कामासाठी दूरच्या गावी, घराचा कारभार हिच्याच हाती. तिनं चौकशी केली, रजा टाकली आणि सासू-सासऱ्यांना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला, काकूंच्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाल्या, "छान पिकलाय. पुढच्या आठवड्यात काढून टाकू. थेंब टाकून डोळा बधिर करायचा, थोडा वेळ पडून राहायचं, आणि घरी जायचं."

काकू एवढ्या खूश झाल्या की वळून काकांना ओठांनी म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात तुझी सगळी थेरं दिसणार मला." काका काहीतरी म्हणाले. ते काकूंना दिसलं नाही, पण आता घाई नव्हती.

बाहेरच्या खिडकीपाशी बसलेल्या मुलीनं एक चिठ्ठी पुढे केली. रक्त द्यायचं होतं.

"रक्त कशाला?" सुनेनं विचारलं. "त्यांना मधुमेह नाही, रक्त पातळ करायच्या गोळ्या नाहीत, काही तक्रार नाही."

"सगळ्यांचंच करतो."

"पण बघायचं काय असतं त्यात?"

"सगळंच," मुलगी म्हणाली. ती बिचारी खरं बोलत होती. सगळ्यांचं सगळंच बघायचं, असा तिथला पायंडा होता. तो कुणी पाडला हे तिला माहीत नव्हतं, आणि ती लागली त्याच्या आधीपासून तो होताच.

काकूंनी हात पुढे केला. सुईला त्या कधी घाबरल्या नव्हत्या, आणि तपासणी म्हणजे आपली काळजी घेताहेत असंच त्यांना वाटलं. आपल्याकडे असंच असतं. डॉक्टरनं नुसतं 'तुम्ही बऱ्या आहात' म्हटलं तर माणूस हिरमुसतो, चार नळ्या रक्त काढून तेच सांगितलं तर समाधानानं घरी जातो.

पण समाधान काही नशिबी नव्हतं. रक्तातल्या एका तपासाचा आकडा वर आला. तांबड्या पेशी नळीत किती झपाट्यानं खाली बसतात, ते बघायची ती तपासणी. वय झालं की तो आकडा तसाही थोडा वर सरकतो. साधं पडसं येऊन गेलं तरी सरकतो. काही नसतानाही सरकतो. पण कागदावर त्याच्यापुढे छापील चांदणी आली होती, आणि चांदणी आली की तिच्याकडे बघावंच लागतं. डॉक्टरीणबाई तोवर अचानक महिनाभराच्या रजेवर गेल्या होत्या. खिडकीतली मुलगी म्हणाली, "मोठ्या डॉक्टरांकडून लिहून आणा, ऑपरेशनला हरकत नाही म्हणून."

"हात दाखवून अवलक्षण!" सून म्हणाली. पण गेली.

मोठ्या डॉक्टरांची खोली काचेची होती. काकू आत पडद्यामागं तपासायच्या टेबलावर झोपल्या होत्या. काका बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, छातीला नळी लावली, मग हात धुऊन पडद्याबाहेर येऊन सुनेसमोर बसले. ते वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, कुणाच्या तरी नावानं बोटं मोडता आली असती. ते काळजीवाले होते, आणि कागदावर आपली सही गेल्यावर पुढे काही निघालं तर काय, याची भीती त्यांना होती. ते सुनेला म्हणाले, "बहुतेक काही नसेल. या वयात असं येतं. पण आलंच आहे तर बघून घेऊ. कुठं कॅन्सर वगैरे लपलेला नाही ना, एवढं बघून घेऊ."

सुनेनं मान हलवली. ती धीट बाई. 'बहुतेक काही नसेल' एवढं तिनं पदरात बांधलं आणि बाकीचं तिथंच टाकलं. सासूला तिनं 'अजून थोडे तपास आहेत' एवढंच सांगितलं.

पण काचेचं दार आवाज अडवतं, ओठ नाही अडवत. बाहेर बाकावर गिरणीतला जुना मागवाला बसला होता, आणि त्याला मागांच्या गर्दीतून पलीकडच्या भिंतीशी उभी असलेली पोरगी काय म्हणते ते वाचायची सवय होती. समोरच्या काचेतला डॉक्टर म्हणजे काय! 'बहुतेक काही नसेल' म्हणताना डॉक्टर हात पुसत होते, त्यांचं तोंड हातातल्या पंच्याकडे होतं. शेवटचं वाक्य त्यांनी तोंड वर करून म्हटलं. तेवढं काकांनी पुरतं वाचलं.

काकूंना यातलं काही कळलं नाही. त्यांना कळलं ते एवढंच, की त्या दिवसापासून माणूस मिटला.

मग तपासण्यांची रांग लागली. छातीचा फोटो झाला. तो स्वच्छ आला. पोटाची सोनोग्राफी झाली. तिच्यात मूत्रपिंडावर बोराएवढी पाण्याची गाठ निघाली. ती जन्मापासूनही असेल आणि जन्मभरही राहील, असं सोनोग्राफीवालाच म्हणाला, तरी मूत्रपिंडवाल्याला दाखवा म्हणाला. मूत्रपिंडवाला म्हणाला, गाठ निरुपद्रवी आहे, पण तो रक्तातला आकडा कशामुळे वाढला? रक्त परत घ्या. परत घेतलं, तर तो आकडा खाली आलेला आणि दुसराच एक किंचित वर. मग त्याच्यासाठी तिसऱ्याकडे. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं आपण म्हणतो, पण इथं जखमच नव्हती. होता तो मोतीबिंदू, आणि तो निवांत पिकत होता. दुसरा डोळाही मागे कशाला राहील!

या सगळ्याला महिने लागले. तपासाची तारीख मिळायला दिवस, कागद हातात पडायला दिवस, सुनेला रजा मिळायला दिवस. काकूंचं दिसणं आणखी पुसट झालं, काकांच्या ओठांचा तो हलणारा डागही दिसेनासा झाला. चहा गाळताना कपाच्या बाजूला पडायचा. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. संध्याकाळचं वाटायचं. गॅलरीत दोन खुर्च्या समोरासमोर असायच्या, पण समोरची बाई आता भाजी घरातच निवडत होती. एके दिवशी काकू धीर करून पुढे झाल्या, चाचपडत काकांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बोटांची टोकं त्यांच्या ओठांवर ठेवली. आंधळी माणसं बोटांनी वाचतात म्हणे, मग ओठ का वाचता येऊ नयेत? "बोल," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "काहीतरी बोल."

काकांचे ओठ बोटांखाली थरथरले. मग घट्ट मिटले. त्यांनी हळूच काकूंचे हात बाजूला केले आणि आत निघून गेले.

काकूंना फार लागलं ते. नवरा जुना झाला, आपण जुन्या झालो, आणि आता ही आंधळी बाई त्याला नकोशी झाली असणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. सुनेजवळ त्या बोलल्या नाहीत. असलं कोण सुनेजवळ बोलतं? उशीवर तोंड दाबून रडल्या एवढंच.

काका तरी काय करणार होते! विचारायचं तर सुनेला आवाज काढून विचारायला हवं. आणि आपला आवाज कुजबुजीचा निघेल की गल्लीला ऐकू जाईल, याचा भरवसा नाही. शेजारच्या खोलीत काकूंना उरलेल्या निम्म्या कानांनी तो ऐकू आला तर? एकदा सुनेनं आपण होऊन त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलंही, "सगळं चांगलं आहे, बाबा. काही निघालं नाही." ते त्यांनी नीट वाचलं. पण ती हसून सांगत होती, आणि घरात मोठं दुखणं आलं की लोक म्हाताऱ्या माणसाला हसूनच सांगतात, हे त्यांनी आयुष्यात पुष्कळदा पाहिलं होतं. काही निघालं नाही, तर मग दर पंधरवड्याला रक्त कशाला नेतात? आणि जिचा डोळा करायचा होता तिचा डोळा का करत नाहीत? ज्या घरात माणूस राहणार नाही, त्याची खिडकी कोण दुरुस्त करतं! हिशेब सरळ होता.

शेवटी सुनेचंच डोकं फिरलं. कागदांची जाड फाइल काखोटीला मारून ती काकूंना घेऊन पुन्हा डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई रजेवरून परत येऊन बरेच दिवस झाले होते. त्यांनी दारातच काकूंना ओळखलं.

"अहो, तुम्ही? तुमचा डोळा करून झाला ना केव्हाच?"

"कुठला होतोय!" सून म्हणाली आणि फाइल टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली. उलटता उलटता त्यांचा चेहरा बदलत गेला. "हे रक्त सांगितलं कुणी?"

"तुमच्या खिडकीवर सांगितलं."

खिडकीतल्या मुलीला बोलावलं. ती म्हणाली, भूल देणाऱ्या डॉक्टरांना लागतं. भूल देणारे डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते. ते म्हणाले, थेंबांच्या ऑपरेशनला मी कशाला मागू? मला वाटलं तुम्हालाच लागतं. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. एवढी वर्षं त्या दवाखान्यात माणसांचं रक्त काढत होते, आणि ते नक्की कुणाला हवं होतं, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

"मला तुमचं रक्त नको होतं हो," डॉक्टरीणबाई काकूंच्या कानाशी येऊन म्हणाल्या. आवाज मोठा असूनही ओशाळा होता. "मला डोळा हवा होता. माझंच चुकलं, रजेवरून आल्यावर मी विचारायला हवं होतं. परवा या."

परवा डोळा झाला. झाला म्हणजे खरोखरच थोडा वेळ पडून राहून, कूस बदलायच्या आत झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली, थेंब टाकले, काळा चष्मा चढवला. काळ्या चष्म्यातून काकूंना आधी दवाखान्याची फरशी दिसली, मग सुनेच्या चपलेचा तुटत आलेला अंगठा दिसला, आणि त्या एवढ्या दचकल्या की सुनेचा हात सोडायला तयार होईनात. "आठवड्यात आणखी स्वच्छ होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर सुनेनं काकूंना गॅलरीतल्या खुर्चीत बसवलं. काकांना तिनं समोर येऊन सांगितलं, "आठवडा लागेल. हळूहळू दिसेल." आणि औषधाचे थेंब आणायला ती खाली गेली.

काका समोरच्या खुर्चीत येऊन बसले. काकू चष्म्याआडून बघत होत्या. किती वाळला होता माणूस! गालफडं बसली होती, दाढी दोन दिवसांची, सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात. हे सगळं आपल्या समोर रोज बसत होतं आणि आपल्याला डाग दिसत होता. त्या काहीतरी बोलणार, तेवढ्यात काकांचे ओठ हलले.

आवाज नव्हता. गिरणीतलंच बोलणं, नीट, एकेक अक्षर घडवून. पण काकूंना दिसावं म्हणून ते बोलत नव्हते. काकूंना दिसत नाही म्हणून बोलत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काकूंना कळलं, की हे आजचं नाही. हे रोज चालत होतं. आपण इथं बसून त्याच्या गप्प राहण्यावर रडत होतो, तेव्हा हा समोर बसून बोलतच होता.

"आज पण सांगितलं नाही तुला," काका म्हणत होते. "तुझा डोळा केला आता. बरं केलं. जाताना बघून तरी जाशील. मला भीती वाटते गं. तू गेल्यावर मी कुणाशी बोलू? हे कुणालाच येत नाही."

काकूंनी चष्मा काढला. काढायचा नव्हता, पण काढला.

"कुठं जातेय मी?" त्यांनी ओठांनी विचारलं.

काकांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी ते झाकलं. भर वर्गात पकडलेलं पोर झाकतं तसं. काकूंनी वाकून ते हात ओढून खाली घेतले.

"कुठं जातेय? कुणी सांगितलं तुला?"

"त्या डॉक्टरनं. काचेतून." काकांचे ओठ इतके थरथरत होते की दुसऱ्या कुणाला वाचता आले नसते. "कॅन्सर म्हणाला."

सुनेनं न सांगितलेला तो शब्द काकूंनी पहिल्यांदाच पाहिला. मग फाइल आठवली, पानं उलटणाऱ्या डॉक्टरीणबाई आठवल्या, आणि त्यांनी जोरजोरानं मान हलवली. "नाही. काही नाही. सगळं शोधलं, काही निघालं नाही. माझ्याकडे बघ. मी खोटं बोलतेय का?"

काका बघत राहिले. सुनेच्या हसण्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. पण बायकोच्या ओठांना ते उभं आयुष्य ओळखत होते, आणि तिथं खोटं कसं दिसतं तेही त्यांना ठाऊक होतं. बराच वेळ त्यांनी पाहिलं. मग खांदे एकदम खाली पडले आणि ते रडायला लागले, तेही आवाज न करता. काकू त्यांचे हात धरून बसल्या. आपल्या मरणाची राखण हा माणूस एवढे महिने एकटा करत बसला होता, आणि आपल्याला वाटत होतं की आपण त्याला नकोशा झालो. हे महिने आता कुणाकडे मागायचे?

"मग रक्त कशाला काढलं होतं?" काकांनी डोळे पुसून विचारलं.

"कुणालाच माहीत नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच. विचारलं तर एकमेकांची तोंडं बघत बसले."

काका खुर्चीत सरळ झाले, ओठ नीट जुळवले, आणि गिरणीतली सगळ्यात मोठी, सगळ्यात लांबलचक शिवी त्यांनी सावकाश, एकही अक्षर न गाळता दिली. समोरच्या दारात भाजीची परडी घेऊन आलेल्या बाई थबकून बघत राहिल्या.

काकू खुर्चीत पुढे सरकल्या.

"परत म्हण," त्या म्हणाल्या.